जंगालाचा आकडा

नरोत्तमभाईंच्या खोलीत शिरायचं म्हणजे अंगावरचं सगळं लोखंड आधी दाराबाहेर काढून ठेवावं लागे. किल्ल्या, चाकू, छत्री, अडकित्ता, काहीही. बाहेर एक मोडकं बाक होतं, त्यावर हा ऐवज मांडायचा. वहाणांच्या तळाला खिळे असतात म्हणून वहाणाही बाहेर. एकदा शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले, तर भाईंनी त्यांनाही दारात अडवलं आणि त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं. साहेबांनी बूट काढले. डाव्या मोज्याला अंगठ्याएवढं भोक होतं. ते आम्ही सगळ्या शिक्षकांनी डोळे भरून पाहिलं, आणि त्या वर्षी शाळेला शेरा काही बरा मिळाला नाही.

शहाद्याच्या इंग्रजी शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी चित्रकला. वयाने ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातले. घरी कापसाची काळीभोर जमीन होती आणि भाऊ ती कसत होते. हे एकटे बडोद्याला जाऊन पदवी घेऊन आले. तिकडे एका प्रयोगशाळेत राहा म्हणत होते म्हणे, पण वडील आजारी पडले आणि हे परतले. त्याबद्दल ते कधी हळहळले नाहीत. उंच, थोडे वाकलेले, बोटांची टोकं कायम निळीहिरवी. गावातल्या सगळ्यांसारखे ते अहिराणीच बोलत, वर्गातसुद्धा. शुद्ध मराठी फक्त रागावले की. त्यामुळे भाई 'आपण' आणि 'कृपया' म्हणायला लागले की वर्गात सुई पडली तरी ऐकू येई.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे: "आखो एक डाव." म्हणजे पुन्हा एकदा. मुलाचं उत्तर चुकलं तर आखो एक डाव, बरोबर आलं तरीही आखो एक डाव. पोरांनी त्यांचं नाव 'आखो मास्तर' ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. मला विचाराल तर त्यांच्याइतका चिकट माणूस मी पाहिला नाही. मी स्वतः एकदा काढलेलं चित्र दुसऱ्यांदा काढायचा आळस करणारा. आमची मैत्री कशी जमली याचं दोघांच्याही बायकांना नवल वाटे.

त्यांचा वर्गातला एक खेळ मला फार आवडायचा. त्यांच्याकडे घोड्याच्या नालासारखी दणकट चुंबकं होती. दोंडाईच्याच्या सर्व्हिस मोटारीचा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, जळाला तेव्हा ड्रायव्हरच्या मागे लागून त्यांनी ती मिळवली होती, आणि चार-पाच एकत्र बांधून एक जोरदार चुंबक केलं होतं. काचेच्या पेटीतल्या तराजूच्या एका बाजूला ते काचेची नळी टांगत. नळीचं खालचं टोक चुंबकाच्या दोन तोंडांच्या मधे लोंबायचं. मग नळीत कुठल्यातरी धातूचा क्षार भरायचा. चुंबक असताना वजन, चुंबक दूर नेल्यावर वजन. दोन्हींतला फरक म्हणजे त्या पदार्थाची ओढ.

हिराकसात लोखंड असतं, तो जोरात ओढला जाई. मोरचुदात तांबं, तोही थोडा ओढला जाई. मग भाई काही पिवळे खडे काढत आणि पोरांना सांगत की यात लोखंड आहे. पोरं ओरडत, ओढणार, ओढणार! नळी खाली जायच्याऐवजी केसभर वर सरके. पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होत.

"लोखंड शे इतलंच देखू नका," भाई म्हणत. "ते कोना संगे बठेल शे, ते देखा."

धातू तोच असला तरी शेजार बदलला की त्याचा स्वभाव बदलतो, हे त्यांचं सगळ्यात आवडतं सत्य. मे महिन्यात शहाद्याला माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं, अशा दुपारी ते मला ओसरीवर बसवून सांगत, की काही धातू आणि धातूंचे काही कठीण संयुक्त पदार्थ भयंकर थंड केले तर त्यांतून वीज जराही न अडता वाहते. किती थंड, ते सांगताना स्वतःच शहारत. मी पंख्याने वारा घेत ऐकायचो आणि म्हणायचो, भाई, आधी मला तेवढं थंड करा.

हे सगळं हौसेचं होतं. खरी गोष्ट सुरू झाली ती जंगालापासून.

जंगाल म्हणजे तांब्याला शिरका लागून जे हिरवं होतं ते. भाई एकेक करून तांब्याचे क्षार तोलत होते. प्रत्येकाच्या नळीत तांबं किती ते काढायचं आणि तेवढ्या तांब्यामागे ओढ किती ते मांडायचं. बाकीचे सगळे क्षार एका रांगेत आले. जंगाल मात्र मागे पडला. जेवढी ओढ असायला हवी, तिच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच. भाईंनी पुन्हा तोलला. पुन्हा तेच. ते माझ्याकडे आले आणि मला वाटलं घरी कुणी आजारी आहे.

"गांधीना दुकानमाथीन लयेल व्हता," ते म्हणाले. "त्यामा भेसय व्हई."

अत्तरं-औषधं विकणाऱ्या गांध्याच्या दुकानातला माल, भेसळ असणारच. तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू झाली होती आणि मुंबईहून शुद्ध रसायनं येणं बंद झालं होतं. भाईंनी ठरवलं, जंगाल आपणच करायचा, शुद्ध. मोरचुदाच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की हिरवट गाळ बसतो, तो शिरक्यात विरघळवून उन्हात ठेवायचा. सगळं जमलं, शिरक्यावर अडलं. शहाद्यात चांगला शिरका मिळेना. तेव्हा भाईंच्या डोक्यात आलं की दारू आंबली की तिचाच शिरका होतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याला मोहाच्या दारूला काय तोटा!

हे ज्या माणसाच्या डोक्यात आलं, त्याच्या घरात लसणालाही मज्जाव होता.

म्हसावदच्या बाजाराच्या दिवशी भाई सायकल घेऊन निघाले. मला बरोबर नेलं, कारण दारूवाल्या बाईशी काय बोलायचं हे त्यांना सुचत नव्हतं. भुरीबाई डोंगरातली, बाजाराच्या कडेला दोन मडकी घेऊन बसायची. भाईंनी तिच्यापुढे उकिडवं बसून हात जोडले आणि आंबलेली दारू मागितली. बाई हसत सुटली.

"आंबेल माल कोन लेस मास्तर? ताजी ले ना!"

"माले आंबेलच जोयजे, माय."

"ढोरले पाजस का?"

आजूबाजूचे लोक जमा झाले. भाई न हलता बसले होते. शेवटी बाईने मडक्याच्या तळाशी राहिलेलं, नाक झणझणणारं पाणी त्यांच्या बाटल्यांत ओतून दिलं. त्यानंतर सहा-सात बाजार भाई तिथे जात राहिले, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.

त्या दिवसांत गावोगाव दारूबंदीच्या सभा चालल्या होत्या. विज्ञानाचा मास्तर दर बाजाराला भुरीबाईच्या मडक्याशी बसतो ही बातमी शहाद्याला पोचायला किती वेळ लागणार? मी त्यांना सांगून पाहिलं.

"भाई, गाव काय म्हनी ऱ्हायनं, माहीत शे का तुमले?"

"गावले म्हनू दे. माले शिरका जोयजे."

शाळेच्या मंडळाची माणसं एका शनिवारी सकाळी अचानक प्रयोगशाळेत आली. अध्यक्ष म्हणजे जिनिंगवाले शेठ, भले गृहस्थ, खादी घालणारे. नेमके त्याच वेळी भाई आंबलेली दारू बकपात्रात, म्हणजे लांब चोचीच्या काचेच्या भांड्यात, तापवून तिच्यातलं आम्ल गाळून काढत होते. साऱ्या खोलीत मोहाचा वास भरला होता. शेठजींनी उपरणं नाकाला लावलं. भाईंनी आधी सगळ्यांकडून किल्ल्या बाहेर ठेवून घेतल्या आणि मगच आत घेतलं, इतकं त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

"मास्तर, ही शाळा आहे," शेठजी म्हणाले.

भाईंनी एक निळा कागद गाळलेल्या पाण्यात बुडवला. तो लाल झाला. हे दारूचं लक्षण नव्हे, आम्लाचं, असं ते समजावून सांगू लागले. मंडळातल्या कुणालाही त्या कागदावरून काही पटलं नाही. दारूत बुडवलेला कागद लाल झाला एवढंच त्यांना दिसलं आणि ते आणखीच बिघडले.

शेठजी मात्र कनवाळू होते. त्यांनी भाईंना बाजूला घेतलं. हेडमास्तर जूनमध्ये निवृत्त होणार होते. हा नाद सोडा, जागा तुमचीच, असं त्यांनी सांगितलं. नाहीतर शाळेचा तराजू तुम्हाला तासापुरताच मिळेल आणि हेडमास्तर दुसरा पाहावा लागेल. मी दारातच उभा होतो. मला वाटलं भाई विचार करायला दोन दिवस मागतील. मी तर मागितले असते, आणि तिसऱ्या दिवशी हो म्हटलं असतं.

"आपण कृपया दुसरे हेडमास्तर पाहावेत," भाई म्हणाले. "एका पदार्थाचा आकडा माझ्याकडून अर्धवट राहिला आहे."

जूनमध्ये त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान माणूस हेडमास्तर झाला. भाई त्याला रोज सकाळी नमस्कार करत, आणि तो नमस्कार खरा असे. मला मात्र राग आवरेना. मी भाईंच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोसमोर, रेवाबेनसमोर, कुरकुर केली. त्या कापसाच्या वाती वळत होत्या.

"हेडमास्तर व्हतात तरी सुदरतात का त्या?" नवऱ्याबद्दल त्या म्हणाल्या आणि मला चहा दिला.

भाईंनी आता घराच्या मागच्या खोलीत सगळं मांडलं. गावातल्या सोनाराने आपला जुना काटा दिला. भाईंनी त्याला काचेची पेटी केली. काटा स्थिर व्हायला वेळ लागे आणि तोवर खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखायचा असा नियम होता. मी त्या घरात जितका श्वास रोखला तितका तापीत पोहतानाही रोखला नसेल. माझं काम एकच होतं. नळी चुंबकाच्या तोंडांमधे दर वेळी नेमकी तेवढीच खाली लोंबायला हवी, त्यासाठी तिच्यावर एक बारीक रेघ हवी होती. भाईंच्या हाताने ती जाड येई. मी माझ्या सगळ्यात बारीक कुंचल्याने, डिंकात कालवलेल्या रंगाने ती मारून दिली. सुरेख आली होती. मला तिचा अभिमान होता.

दोन वर्षं भाई तोलत होते. शुद्ध जंगालाचे गडद निळेहिरवे खडे मी पाहिले आहेत. त्या रंगाची सर माझ्या पेटीतल्या एकाही वडीला नव्हती. आणि आकडा पुन्हा कमीच. भेसळ नव्हती, तरी कमी. मग भाईंनी सगळं लिहून काढलं आणि मुंबईच्या एका मोठ्या प्राध्यापकांना पाठवलं. उत्तर आलं, चार ओळींचं. तुमचा पदार्थ अशुद्ध असावा, नाहीतर मोजणीत चूक असावी. शाळेतल्या साधनांनी असले विषय हाताळू नयेत.

ते पत्र भाईंनी मला वाचून दाखवलं, घडी केली आणि म्हणाले, "चूक ऱ्हाई बी शकस." त्यांना अपमान वाटला नाही. त्यांना खरोखर चूक शोधायची होती, आणि ते पुन्हा पहिल्यापासून शोधायला बसले. मला त्या प्राध्यापकाचा गळा धरावासा वाटत होता.

चूक सापडली पोळ्याच्या दिवशी. भाई गावी गेले होते. बैल धुऊन झाले होते, भाऊ त्यांच्या पाठीवर गेरूचे पंजे उमटवत होता. भाईंनी सहज वाळल्या गेरूची चिमूट हातात घेतली. गेरूचा तांबडेपणा लोखंडाचा असतो हे ते दरवर्षी सातवीला शिकवत. खिशात नेहमीप्रमाणे लहान चुंबक होतं. कागदावर गेरू पसरून त्यांनी खालून चुंबक फिरवलं, आणि त्यातले काही कण हलले.

पुरणपोळीचं ताट तसंच टाकून ते सायकलवर शहाद्याला आले. मी जेवून आडवा झालो होतो.

"आप्पा, नळीवरनी रेघ कसानी मारेल शे?"

"गेरूनी," मी म्हणालो. "दुसरं काय ऱ्हास मन्हापाशी?"

ते उभेच राहिले. घाम गळत होता. मग अगदी हळू म्हणाले, "आप्पासाहेब, आपण माझी दोन वर्षं बुडवलीत."

मला आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. रिकाम्या नळीचं वजन त्यांनी रेघ मारण्याआधी करून ठेवलं होतं आणि तेच दर वेळी वजा केलं होतं. रेघ मारून घ्यायच्या आधी आपणच विचारायला हवं होतं, असं ते पुढे कितीदा तरी म्हणाले. पण त्या दिवशी माझ्या सुरेख रेघेतलं लोखंड प्रत्येक पदार्थाच्या नावावर चढत आलं होतं. बारा पदार्थ, प्रत्येकाचे वीस-वीस आकडे, सगळे वाया. मी मान खाली घालून बसलो. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ. काजय ले. आखो एक डाव."

काजळाची रेघ मारली. पुन्हा सगळं तोललं, आठ महिने. रेघेमुळे सगळेच आकडे सारखेच थोडे फुगले होते, आणि जंगालाच्या लहान आकड्याला त्याचा आधार सगळ्यात जास्त मिळाला होता. फुगवटा निघाला तेव्हा जंगाल बाकीच्यांच्या आणखी मागे पडला. म्हणजे ज्या चुकीवर सगळं मोडायचं, ती सापडली आणि जंगालाचं म्हणणं आणखीच पक्कं झालं. भाईंनी प्राध्यापकांना आपली चूक स्वतः होऊन कळवली, माझं नाव न घेता. मी म्हणालो, चूक कशाला सांगता, आकडा तेवढा कळवा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. त्या पत्राला उत्तर आलं नाही. पुढच्या दोन पत्रांनाही नाही.

मग डोळे गेले. मोतीबिंदू उतरला, एक डोळा कापला तो बिघडला, दुसऱ्याने अंधुक दिसे. शाळा सुटली आणि ते तापीकाठी गावी गेले. काटा आणि चुंबक बैलगाडीतून कापसात गुंडाळून नेलं. लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला, ये, काम आहे. मी गेलो. ती आमची शेवटची भेट ठरली. पावसाळा संपायच्या आत ते गेले.

दाराबाहेर त्यांनी इथेही बाक ठेवलं होतं. मी किल्ल्या आणि छत्री त्यावर ठेवली आणि अनवाणी आत गेलो. भाई काट्यासमोर बसले होते. पुढे सारख्या दिसणाऱ्या सहा नळ्या, प्रत्येक कागदात गुंडाळलेली, गळ्याशी घडी घातलेली चिठ्ठी चिकटवलेली. कुठल्या नळीत काय आहे ते रेवाबेननी भरताना लिहिलं होतं. मला ठाऊक नव्हतं, भाईंनाही नव्हतं.

"तुमले दिसस का काटा?" मी विचारलं.

"थोडा दिसस. पन तेच वाईट शे. माले जे जोयजे, तेच मन्हा डोयास्ले दिसी. तुले काय बी जोयजे नही. म्हनीसन तू वाच."

हे मात्र खोटं होतं. मला हवं होतं. त्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा खरा निघावा असं मला फार वाटत होतं. पण कुठली नळी कुठली हे कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे मला खोटं बोलताही येत नव्हतं. त्यांनी सगळा विचार केला होता.

मी श्वास रोखून वाचत गेलो. ते ऐकून खडूने पाटीवर मोठी अक्षरं काढत. सहाही झाल्या की नळ्या रेवाबेन उलटसुलट करत, नवा क्रम आपल्यापाशी लिहून ठेवत आणि पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा. दुपार कलली. मग त्यांनी चिठ्ठ्या उघडायला सांगितल्या आणि मी एकेक मोठ्याने वाचली. प्रत्येक नळीत तांबं किती ते त्यांना पाठ होतं. ते तोंडी गुणाकार-भागाकार करत राहिले. पाच पदार्थ एका रांगेत होते. जंगाल मागे होता, तिन्ही वेळा, तेवढाच मागे.

 मीच म्हणालो, "भाई, आखो एक डाव?"

"नही," ते म्हणाले. "आते बस. कागद ले."

त्यांनी पत्र सांगितलं, त्याच प्राध्यापकांना. माझं इंग्रजी बेताचं म्हणून या वेळी मराठीत. 'पूर्वी कळवलेला आकडा पुन्हा तपासला, तो तसाच आहे, आणि या वेळी वाचणारा मी नव्हतो.' एवढंच. मी त्यांची सही घ्यायला कागद पुढे केला. त्यांनी चाचपडत सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"खाले तुन्हं बी नाव लिख. वाचनारनं."

मी म्हणालो, मी साधा चित्रकलेचा मास्तर, माझ्या नावाला तिथे कोण विचारतो, उलट पत्राची किंमत कमी होईल. भाईंनी मान सरळ केली. ते माझ्याकडे पाहत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती.

"आपण जे पाहिलंत, ते पाहिलंत की नाही?" त्यांनी विचारलं.

जंगालाचं खरं काय ते मला आजही कळत नाही. पण तो काटा मी तीनदा वाचला होता. मी दौतीत टाक बुडवला आणि त्यांच्या सहीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं.